सूर्यभानजींचं वंगण

बैल चारा खातो आणि मोटरसायकल पेट्रोल पिते, बाकी दोन्ही सारखेच, असं सूर्यभानजींचं ठाम मत होतं! मोर्शीजवळच्या त्यांच्या गावात जनावर पारखावं ते त्यांनीच. त्यामुळे अकोल्याहून घेतलेली जुनी मोटरसायकल अंगणात उभी राहिली, तेव्हा त्यांनी आधी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायर अंगठ्याने दाबून पाहिले, सीटवर थाप मारली आणि बायकोला, आशाबाईंना, सांगून टाकलं की गाडी निरोगी आहे.

त्यांचा बत्तीस वर्षांचा मुलगा अंकुर म्हणाला, देवमन मिस्त्रीकडे नेऊन आणतो. टायरची हवा मोजून घेऊ, ऑइल बदलू, चेन ताणू. सूर्यभानजी दुखावले. चाळीस वर्षं बैलबंडीची चाकं सांभाळणाऱ्या माणसाने मिस्त्री गाठायचा? बंडीला दोन चाकं, हिलाही दोनच!

"मागचं चाक करकर करून राह्यलं, बाबा," अंकुर म्हणाला. "ब्रेक पाहा लागते."

"आस कोरडा पडला त्याचा. वंगण मागून राह्यलं ते. मले नको शिकवू."

रविवारी शेंदूरजनाघाटला भगवंतरावांच्या वर्षालीला पाहायला जायचं होतं. अंकुरसाठी हे अकरावं घर. आधीच्या दहांपैकी कुणाला शेती नको होती, कुणाला खेडं नको होतं, आणि एकीला शेतीही चालत होती, खेडंही चालत होतं, फक्त अंकुर नको होता. सोयरीक जुळवणाऱ्या नत्थुजींनी बजावून ठेवलं होतं की आता माझ्याजवळ पुढचं नाव नाही.

शनिवारी अंकुर संत्र्याच्या बागेत गेला आणि सूर्यभानजींनी दोन्ही चाकं खोलली. बंडीच्या सवयीने आत जे जे फिरताना दिसलं त्याला त्यांनी बोटांनी वंगण भरलं. ब्रेकच्या पट्ट्या तर त्यांना फारच कोरड्या वाटल्या. बिचाऱ्या पट्ट्यांना त्यांनी दोनदा लावलं. मग चाक फिरवून ते जेवायला गेले आणि हात धुऊन आले तरी चाक फिरतच होतं, असं त्यांनी गावभर सांगितलं.

रविवारी सूर्यभानजी पुढे, अंकुर पेढ्यांचा डबा सांभाळत मागे. सरळ रस्त्यावर गाडी लोण्यासारखी धावली. वरुडच्या चौकात मात्र ती थांबेना. सूर्यभानजींनी दोन्ही पाय जमिनीवर घासून ती कशीबशी थांबवली. नव्या चपलांचे तळवे गरम झाले.

"ब्रेक नाही लागून राह्यला का?"

"लागते. नरम लागते."

इथेच एखाद्या मिस्त्रीला दाखवू, असं अंकुर दोनदा म्हणाला. वेळ टळेल, असं सांगून सूर्यभानजींनी गियर टाकला.

भगवंतरावांचं घर नेमकं उताराच्या मध्यावर होतं. दारात भगवंतराव, नत्थुजी आणि चार पाहुणे टोप्या सावरून उभे होते. सूर्यभानजींनी पायातला ब्रेक दाबला, हातातला दाबला, मग दोन्ही दाबले. वंगणाने आपलं काम चोख केलं होतं. घर जवळ आलं, समोर आलं आणि मागे जाऊ लागलं. त्या धांदलीतही भला माणूस करील तेच त्यांनी केलं. एक हात सोडून राम राम घातला! खिडकीतून नव्या साडीतल्या वर्षालीने नवरदेव येताना पाहिला आणि जातानाही पाहिला.

उतार संपला तिथे सहदेवचं अंगण होतं आणि अंगणात कुटाराचा, जनावरांच्या भुशाचा, ढीग. गाडी त्यात जाऊन बसली. सहदेव म्हणजे भगवंतरावांचा चुलतभाऊ. दोघांचं बारा वर्षं बोलणं नव्हतं, आणि सहदेवच्या घरीही लग्नाची मुलगी होती. त्याने दोघांना ढिगातून ओढून काढलं, झटकलं आणि बाजेवर बसवलं. नको नको म्हणेपर्यंत पोहे आले. आलेल्या पाहुण्याला तसंच जाऊ देणारं ते घर नव्हतं. भगवंतराव धापा टाकत फाटकात पोहोचले, तेव्हा अंकुरच्या एका हातात पोह्यांची बशी होती आणि सहदेवची पौर्णिमा त्याच्यापुढे पाण्याचा गिलास धरून उभी होती.

"आमचं घर पसंत नव्हतं, तर नत्थुजीजवळ सांगा लागत होतं," भगवंतराव म्हणाले. "दारावरून हात दाखवून जाणं बरं नाही, सूर्यभानजी."

ब्रेक लागला नाही, हे कुणाला पटेना. नत्थुजींनी तर सांगून ठेवलं होतं की मुलगा यंत्राच्या कामात पक्का आहे. पोराने काहीतरी केलं असेल, हे वाक्य सूर्यभानजींच्या अगदी ओठावर आलं. मग त्यांनी अंकुरच्या केसांतलं कुटार पाहिलं आणि त्यांचा जीव गलबलला.

"वंगण म्या भरलं ब्रेकमंधी," ते म्हणाले. "पोरगं मिस्त्रीले दाखवू म्हणे. म्या आयकलं नाही."

भगवंतरावांनी चाकात बोट घालून पाहिलं. ते काळं होऊन बाहेर आलं आणि ते हसत सुटले. सगळेच हसले. पाहुण्यांना सन्मानाने वर भगवंतरावांच्या घरी नेलं. सूर्यभानजींचा जीव भांड्यात पडला. चहा येईपर्यंत तर ते ही हकिकत रंगवून सांगू लागले होते. त्यांच्या सांगण्यात गाडीचा वेगही वाढला होता.

वर्षाली चहा घेऊन आली. तिला काही विचारायचं असेल तर विचारू द्या, असं नत्थुजी म्हणाले. ती अंकुरशी काही बोलेल म्हणून सगळे त्याच्याकडे पाहू लागले. ती सूर्यभानजींकडे वळली.

"तुमी घरी यांचं कधी आयकता का, जी?"

"पोरगंच आहे ते अजून," सूर्यभानजी हसून म्हणाले.

"बत्तीस वर्षांचं," ती शांतपणे म्हणाली. "मंग माहं कोण आयकन?"

तिने रिकामे कप गोळा केले आणि आत गेली. नत्थुजींनी टोपी घातली.

चढावर अंकुर हँडल धरून पुढे होता, सूर्यभानजी मागून ढकलत होते. देवमनला दाखवायला पाहिजे होती, असं ते दोनदा म्हणाले. चाकाची करकर मात्र पार बंद झाली होती.