कॉर्पोरल टॅपर यांचा मऊ आवाज

कॉर्पोरल लिनव्हल टॅपर यांनी नोकरीत पहिल्यांदाच कुणाचं फाटक लाथ न मारता उघडलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

जमैकातल्या किंग्स्टनच्या चिंचगल्लीत पोलिसांशी कुणी बोलत नसे. मागच्या धाडीत पोलिसांनी भलत्याच घरांची दारं फोडली होती. तेव्हापासून गल्लीतली कुत्रीसुद्धा टॅपरना पाहून तोंड फिरवत. ते शेजारच्याच गल्लीत वाढलेले, त्यामुळे हे फार झोंबे. अखेर चौकीला प्रशिक्षण मिळालं : भेदरलेल्या माणसांशी कसं वागावं. आवाज खाली, टोपी हातात, आणि माणूस रडू लागलं तर मध्ये तोंड घालायचं नाही. शनिवारी पोलिसांनी गल्लीकरांची बैठक बोलावली होती, आणि घरोघरी आमंत्रण द्यायचं काम टॅपरकडे होतं. एकही माणूस आला नाही, तर टॅपरची बदली डोंगरावर होणार होती.

पहिलं घर मिस आयव्हींचं; या गल्लीत वयस्कर बायकांना मानानं 'मिस'च म्हणत. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. टॅपरनी टोपी छातीशी धरली.

"मिस आयव्ही, आत येऊ का? तुम्ही आधी बसून घ्या."

बसलेल्या मिस आयव्ही ताडकन उठल्या. "फिट्झरॉय! माझा फिट्झरॉय गेला!"

त्यांचं तरी काय चुकलं? गल्लीत पोलीस ओरडत आला, तर तो कुणालातरी न्यायला आलेला असे. हळू बोलला, तर कुणीतरी गेलेलं असे. त्यातून त्यांचा एकुलता लेक फिट्झरॉय मिनीबस चालवायचा, आणि सकाळपासून त्याचा फोन बंद होता.

"मी तसं काही—" टॅपर म्हणाले. मिस आयव्हींनी हंबरडा फोडला. नियम आठवून टॅपरनी खुलासा गिळला आणि ते शिकवलेलं वाक्य म्हणाले, "मी इथेच आहे. मन मोकळं होऊ द्या."

ते असं मोकळं झालं की शेजारची पर्लाइन ओल्या हातांनी धावत आली. "अगं बाई! कसा गेला हो साहेब?"

टॅपरनी तोंड उघडलं. दोघी एकदम रडू लागल्या. टॅपरनी ते मिटलं.

"बघा, शब्द फुटेना बिचाऱ्याला," पर्लाइन म्हणाली. "पोलीस असून!"

चिंचगल्लीत माणूस गेलं की आमंत्रण लागत नाही. खुर्च्या आल्या, भलंमोठं पातेलं चढलं, समोरच्या घरातल्या पर्सीकाकांनी शोकाची रात्र जागवायला डॉमिनोच्या सोंगट्यांचं टेबल मांडलं. कुणीतरी टॅपरच्या हाती कांद्यांची टोपली दिली. ते चिरू लागले, डोळे वाहू लागले, आणि बायका त्यांना "बाळा" म्हणू लागल्या. खरं सांगायचं तर, तेवढ्यासाठी त्यांनी आणखी चार कांदे चिरले.

"फिट्झरॉयसारखा ड्रायव्हर होणे नाही," पर्सीकाका गहिवरले. "माझं कुंपण दोनदा पाडलं, पण दोन्ही वेळा हसत."

आता मात्र टॅपरना राहवेना. ते खुर्चीवर चढून ओरडले, "अहो, फिट्झरॉय मेलेला नाही! मी बैठकीचं सांगायला आलो होतो!"

पर्सीकाकांनी हातातली सोंगटी खाली ठेवली.

"धक्का बसलाय त्याला," पर्सीकाका हळूच म्हणाले. "पाणी द्या."

पर्लाइननं त्यांना खाली उतरवलं, पाठीवरून हात फिरवला. "मन मोकळं होऊ दे, बाळा. आम्ही इथेच आहोत."

इतक्यात फाटकाशी मिनीबस थांबली. फिट्झरॉय उतरला, गर्दी बघून त्यानं टोपी काढली आणि जड आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"तू," पर्सीकाका म्हणाले.

मिस आयव्हींनी लेकाला कवटाळलं, मग फोन बंद ठेवल्याबद्दल एक थोबाडीत दिली, आणि मग त्या टॅपरकडे वळल्या. टॅपरना समोर डोंगर दिसू लागला.

"या गल्लीत पोलीस आला की घरातलं माणूस कमी व्हायचं," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा एक वाढलं. बस, बाळा. जेवल्याशिवाय हलायचं नाही."

"ती बैठक कधी आहे म्हणालास?" पर्सीकाकांनी विचारलं.

"शनिवारी."

"शनिवारचं शनिवारी बघू," पर्लाइन त्यांच्या ताटात भात वाढत म्हणाली. "उद्या आधी माझ्या घरी ये, आणि अशीच टोपी छातीशी धरून हळू बोल. आमचे हे मायामीला गेलेत, ते सहा वर्षं झाली, परतलेच नाहीत."