मामाच्या मोटारीचा गळा

मोतीभाऊ वरभे कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी कान लावत. हातभर लांबीचा एक स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्यापाशी होता. त्याचं टोक चालू यंत्रावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाजवळच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. लांबून बघणाऱ्याला वाटे, माणूस यंत्राचा आशीर्वाद घेतोय. मिनिटभरानं डोळे उघडत आणि निदान बाहेर पडे. "गळा साफ नाई." मोतीभाऊंच्या लेखी जगातल्या प्रत्येक यंत्राला गळा होता, आणि बहुतेकांचा बसलेला होता.

मी बाहत्तर साली गणिताचा मास्तर म्हणून नगरकडून हिंगणघाटला आलो तेव्हा आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत होती. ते एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते, वय चाळिशीच्या आसपास, लग्न केलेलं नव्हतं. ओळख व्हायच्या आधीच त्यांनी आमचा स्टोव्ह दुरुस्त केला, तोही भिंतीपलीकडून. बायको पंप मारत होती. पलीकडून शांत आवाज आला, "वैनी, वॉशर वाळला आहे. दोन थेंब तेल द्या त्याले." बायकोनं घाबरून स्टोव्ह बंद केला, खिडकी लावून घेतली, आणि मग कोणी बघत नाही अशा बेतानं दोन थेंब तेल दिलं. लग्नानंतर पहिल्यांदा त्या स्टोव्हची ज्योत निळी झाली.

असा कान असणं सोयीचं नसतं. आमच्या शाळेच्या एका समारंभात हेडमास्तरांचं भाषण संपल्यावर मोतीभाऊ त्यांच्याजवळ गेले आणि खालची कवळी अर्ध्या सुतानं ढिली असल्याचं आदरपूर्वक सांगून आले. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मांडवामागचा जनरेटर त्यांना सहन होईना. ते उठून गेले आणि त्यांनी तो बंदच केला. भटजींचा आवाज एकदम उघडा पडला. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना ताटकळली. दहा मिनिटांनी जनरेटर असा चालू झाला की तो चालू आहे हे कोणाला कळलंच नाही. मोतीभाऊ हात पुसत परत येऊन बसले आणि मला म्हणाले, "आता लावा म्हणा लगन."

मी हसायचो. एकदा त्यांच्या फॅक्टरीत गेलो आणि हसणं थांबलं. लांबलचक हॉलमध्ये कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या तीस जीन एकदम चालू होत्या. हवेत कापसाचे तंतू, पायाखाली सरकी, आणि आवाज इतका की माझ्याच तोंडातले शब्द मला ऐकू येईनात. मोतीभाऊ दारात उभे राहिले, मान जराशी कलती केली, बोटांनी चौदा आकडा दाखवला आणि चालत गेले. चौदा नंबरची जीन थांबवून उघडली, तर आतल्या कातडी रोलरला नखाएवढी चीर पडलेली. गणित शिकवणाऱ्या माणसाला चमत्कार मानणं जड जातं. पण त्या दिवशी मी तो मानला.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात मोतीभाऊंचे जयराममामा आंजीला वारले. आई-बाप लहानपणीच गेलेल्या मोतीभाऊंना या मामा-मामींनीच वाढवलं होतं. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. तेरवी आटोपल्यावर मामींनी मोतीभाऊंना गुरांच्या कोठ्यात नेलं, पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, ढीग बाजूला करायला सांगितलं आणि म्हणाल्या, "हे तुही."

पऱ्हाटीखाली मोटार होती. जयराममामा पूर्वी कापूस खरेदी करणाऱ्या एका विलायती साहेबाचे मेकॅनिक होते. साहेब देश सोडून निघाला तेव्हा आपली दोन माणसांची, बिनटपाची, शर्यतीच्या घाटाची गाडी मामांना देऊन गेला. मामांनी ती पुष्कळ वर्षं चालवली. मग सुटे भाग मिळेनात, तेव्हा एक दिवस कोठ्यात लावली आणि वर पऱ्हाटी रचली.

मोतीभाऊंनी तिला बैल जुंपून ती वर्ध्यापर्यंत आणली. स्वतः सुकाणूवर बसले होते आणि प्रत्येक वळणाला शिस्तीत हात बाहेर काढून इशारा देत होते. पुढं ट्रकवर चढवून हिंगणघाटला. आमच्या गल्लीत ती उतरली तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली. लांब नाक, बेडकाच्या डोळ्यांसारखे दोन दिवे, सायकलीसारखी तारांची चाकं, आणि उंची इतकी कमी की शेजारची बकरी गाडीत वरून खाली बघत होती. दारं किडलेली, कातडी सीट उंदरांनी संपवलेली, इंजिन जाम. तरीही कोणी मोठ्यानं बोललं नाही. देवळातली जुनी मूर्ती उघड्यावर आणली की माणसं जशी उभी राहतात, तशी सगळी उभी होती.

मग प्रश्न निघाला, हिचं करायचं काय?

घनश्यामसेठ म्हणजे समोरचे सरकीचे व्यापारी. मोतीभाऊंवर त्यांचा फार जीव. त्यांचं मत पहिल्या दिवसापासून ठाम होतं. जुनं इंजिन काढून फेका, डिझेल बसवा, वर टप घाला, मागं एक सीट वाढवा. गाडी रोज चालली पाहिजे, वरातीलाही देता आली पाहिजे. मी दुसऱ्या बाजूचा. अशी वस्तू जिल्ह्यात दुसरी नाही, साहेबानं दिली तेव्हा होती तशीच ती झाली पाहिजे, नाहीतर हात लावू नये, असं मी पोटतिडकीनं सांगायचो. त्या बाबतीत मला काडीचं कळत नव्हतं, त्यामुळे माझा आवाज सेठजींपेक्षा मोठा असे. सेठजींनी तर अपघातात मोडलेल्या कुठल्याशा गाडीचं डिझेल इंजिन हातगाडीवर घालून मोतीभाऊंच्या अंगणात आणून ठेवलं.

मोतीभाऊ दोघांचंही ऐकून घेत आणि म्हणत, "पाहू, ते काय म्हणते." ते म्हणजे गाडी. गाडी काही म्हणेना. वर्ष गेलं. डिझेल इंजिनावर दोडक्याचा वेल चढला.

मधल्या काळात त्यांनी गाडी सुटी केली. गोणपाटांवर शेकडो भाग मांडलेले, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. सुटीच्या दिवशी ते त्या भागांच्या मधोमध मांडी घालून बसत, एखादा उचलून बोटानं टिचकी मारत, ऐकत आणि परत ठेवत.

मग एका मंगळवारी ते आंजीहून परतले आणि सरळ आमच्या ओसरीवर येऊन बसले. सेठजींनाही बोलावून घेतलं. मामींचं काचबिंदूनं दिसणं पार गेल्याचं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. आम्ही हळहळलो. मग मोतीभाऊ म्हणाले, "सेठजी, तुमचं इंजिन घेऊन जा. मामीले आता गाडी दिसाची नाई, ऐकूच येईन. डिझेल लावलं तर तिले वाटन, पाण्याचा टँकर आला."

सेठजींनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. मी मात्र जिंकल्याच्या आनंदात होतो. तो आनंद फार टिकला नाही. कारण मोतीभाऊंनी लगेच स्पष्ट केलं, की दिसण्याचं त्यांना काही पडलेलं नाही. दारं बाभळीच्या फळ्यांची होतील, सीट रेक्झिनची होईल, रंग सेठजी म्हणतील तो लागेल. गळा तेवढा जुना पाहिजे.

त्या गळ्यासाठी त्यांनी पुढची तीन वर्षं घातली. जे भाग मिळत नव्हते ते फॅक्टरीच्या लेथवर, मालकांना विचारून, स्वतः घडवले. एका दातेरी चाकासाठी चार वेळा लोखंड बदललं, चारही वेळा फेकलं, पाचव्या वेळी टिचकी मारून गालातल्या गालात हसले. चाकांच्या तारा ते सतारीसारख्या लावत. पान्यानं एकेक तार छेडायची, ऐकायची, पाव फेरा पिळायचा. एका चाकाला एक अख्खी दुपार. मी शेजारी वह्या तपासत बसे. हळूहळू वह्या मिटत जात आणि मी नुसता बघत राही. रोज त्याच फळ्यावर तीच प्रमेयं लिहिणाऱ्या मला, काम कशाला म्हणतात ते त्या अंगणात कळलं.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीआधी गाडी चालू झाली. सेठजींच्या पसंतीनं अंगाला बैलगाडीच्या साटीला देतात तो पोपटी रंग. पण आवाज! इंजिन गुणगुणत होतं. मोतीभाऊंनी स्क्रू-ड्रायव्हर लावला, डोळे मिटले. पाच मिनिटं झाली. उघडले तेव्हा पाणावलेले होते. म्हणाले, "साफ आहे."

त्याच रविवारी सकाळी आम्ही दोघं आंजीला निघालो. रस्त्यानं माणसं कापूस वेचायची थांबून बघत होती. माझा हात दाराबाहेर पडला की जमिनीला लागेल की काय, असं वाटत होतं. हसू येत होतं आणि छाती भरून येत होती.

कौसल्यामामी ओट्यावर बसून तूर निवडत होत्या. डोळे समोर, बोटं सुपात. मोतीभाऊंनी गाडी बरोबर ओट्यापुढं आणून उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि वाट बघू लागले. मामींची बोटं थांबली नाहीत.

"कोण आलं?" त्यांनी विचारलं.

"मी मोतीराम. मामी, गाडी आणली. मामाची."

मामींनी कान दिला. अगदी नीट. मग मान हलवली.

"हे तुह्या मामाची नाई."

मोतीभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी समजावलं, की हेच इंजिन, हीच गाडी, एकेक पुर्जा जागच्या जागी आहे. मामी ऐकून घेत होत्या, पण पटत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "त्यांची गाडी टकटक करे, बापा. घोडी चालल्यावाणी. मी चुलीपाशी असली तरी मले समजे, आले म्हणून. हे चांगली आहे. पण हे त्यांची नाई."

मोतीभाऊंनी बॉनेटवर हात ठेवला. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला थोडंफार कळत होतं. इंजिनातली एक झडप पूर्वीपासून ढिली होती, तिचीच ती टकटक. मोतीभाऊंनी ती पहिल्याच महिन्यात शोधली होती आणि केसभर फरक राहू नये म्हणून जिवाचं रान केलं होतं. जनरेटरचा बिघाड सहन होत नाही म्हणून जो माणूस लग्न थांबवतो, त्याला आता आपल्या हातानं बिघाड करायचा होता.

त्यांनी बॉनेट उघडलं, वरचं झाकण काढलं, पान्यानं एक नट किंचित सैल केला, झाकण लावून इंजिन चालू केलं. टक टक टक.

"नाई," मामी म्हणाल्या. "अजून मोठं होतं."

पुन्हा झाकण, पुन्हा पाना. असं चार वेळा झालं. मोतीभाऊंना घाम फुटला होता. पाचव्या वेळी इंजिन चालू झालं आणि मामींच्या हातातलं सूप कलंडलं. तुरीचे दाणे ओट्यावर पसरले. त्यांनी ते गोळा केले नाहीत. डोक्यावरचा पदर ओढून घेतला, त्याची दोन टोकं हनुवटीखाली घट्ट बांधली आणि भिंतीला धरून उठल्या. बिनटपाच्या गाडीत वारा लागतो, पदर उडतो, हे त्यांच्या हातांना आठवत होतं.

मी मुकाट्यानं उतरलो. मोतीभाऊंनी मामींना हात धरून माझ्या जागी बसवलं. गाडी गावाबाहेरच्या रस्त्याला लागली. मी ओट्यावर बसून तूर गोळा करत होतो आणि लांब जाणारी, मग वळून जवळ येणारी टकटक ऐकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं यंत्र नीट ऐकलं.

परतताना वर्धा मागं पडलं. मग मोतीभाऊ रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, की वर्ध्याच्या बोर्डिंगात शिकत असताना दर शनिवारी मामा त्यांना न्यायला यायचे. फाटकापाशी उभं राहिलं की गाडी दिसायच्या आधी ही टकटक यायची. "मास्तर, मले बी आठवत होतं ते. पण मले वाटलं, ते खराबी होये."

त्यानंतर ते दर रविवारी आंजीला जात आणि मामींना फिरवून आणत. हिंगणघाटच्या रस्त्यावर ट्रकवाले त्यांना थांबवून सांगत, "काका, झडप ढिली आहे तुमची." हिंगणघाटच्या त्या कानाला कोणीही येऊन हे ऐकवावं! मोतीभाऊ मान डोलावत, आभार मानत आणि पुढं जात.

पंच्याऐंशीच्या थंडीत मामी गेल्या. महिनाभरानं मोतीभाऊ अंगणात गाडी पुसत होते. मी भीत भीत विचारलं, आता झडप नीट करणार का? त्यांनी फडकं पिळलं, वाळत घातलं आणि म्हणाले, "नाई. आता हे ओळखणारा मी एकलाच उरलो, मास्तर."

मग दार उघडून मला म्हणाले, "बसा. तुम्हीबी ऐकून ठेवा."