दहा सह्या, दोन मतं

आमच्या बिल्डिंगमध्ये परबकाका कुणालाही नावाने हाक मारत नाहीत. मतदार यादीतल्या नंबराने मारतात. मी चारशे बारा. माझी बायको मेघा चारशे तेरा. सकाळी दूध आणायला निघालो की गॅलरीतून आवाज येतो, "काय चारशे बारा, आज उशीर?" नवी यादी आली की सगळ्यांचे नंबर बदलतात आणि काका आठवडाभर गॅलरीत येरझाऱ्या घालत आमचे नवे नंबर पाठ करतात. मागच्या यादीत मी तीनशे अठ्ठ्याण्णव होतो. बढती मिळाली म्हणा की, असं मी म्हणालो तर म्हणाले, "बढती कसली? तुझ्या आधीच्या घरांतली चौदा पोरं अठरा वर्षांची झाली. म्हातारा झालास तू."

ज्याचं नाव यादीत नाही, तो त्यांच्या लेखी विक्रोळीत राहतच नाही. वरच्या मजल्यावरच्या एका भाडेकरूकडे त्यांनी दोन वर्षं ढुंकून पाहिलं नाही. त्याने फॉर्म भरला, नाव आलं, तेव्हा काका स्वतः त्याच्या दारात गेले, हात मिळवला आणि म्हणाले, "या. कधी आलात मुंबईला?"

दत्ताराम परब मूळचे मालवणकडचे. इथल्याच एका कारखान्यात मशीन शॉपला बत्तीस वर्षं काढली आणि रिटायर झाले. काकी वर्षातले आठ-नऊ महिने गावच्या घरी असतात, मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेली. तुम्ही का जात नाही गावी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "नाव इथल्या यादीत आहे." पण काकांची खरी ओळख म्हणजे ते एका पक्षाचे पोलिंग एजंट. मतदानाच्या दिवशी केंद्रात प्रत्येक उमेदवाराचा एकेक माणूस यादी घेऊन बसतो आणि येणारा मतदार खरा की खोटा ते बघतो, तो हा एजंट. पक्षाने त्यांना दुसरं काही दिलं नाही. नगरसेवक बदलले, आमदार बदलले, काका मात्र तीस वर्षं पालिका शाळेच्या त्याच वर्गात त्याच बाकावर बसत आले. त्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात, खिशाला पक्षाने दिलेलं कार्ड लावतात आणि घरून निघताना गॅलरीतल्या प्रत्येकाला नीट दिसेल इतक्या सावकाश चालतात.

त्यांचा एक नेम होता. मतदान संपवून घरी आले की हातपाय धुवायच्या आधी ते एका कागदावर आमच्या केंद्राचा निकाल लिहायचे. कोणाला किती मतं. मग कागदाची घडी करून स्टेपल मारायचे आणि तो माझ्याकडे ठेवायला द्यायचे. निकालाच्या दिवशी मोजणीतले आकडे आले की सगळ्यांसमोर चिठ्ठी उघडायची. पाच-दहा मतांच्या पलीकडे काका कधी चुकले नाहीत. कसं कळतं, असं मी एकदा विचारलं. "मशीनकडून परत येताना माणूस कुठे बघतो ते बघायचं. ज्याने शब्द पाळला तो समोर बघतो. ज्याने नाही पाळला तो बोटावरची शाई बघतो."

आता कांबळेकाकांबद्दल सांगायला हवं. सुदाम कांबळे आमच्याच मजल्यावर गॅलरीच्या टोकाला राहतात. साताऱ्याकडचे. परबकाकांच्या शेजारच्या मशीनवर त्यांनी सव्वीस वर्षं काम केलं. दोघांचे डबे एकत्र उघडायचे, परबांच्या डब्यातली माशाची आमटी आणि कांबळ्यांच्या डब्यातली खरडा-भाकरी. रिटायर झाल्यावरही संध्याकाळी दोघं जिन्याजवळच्या बाकड्यावर बसायचे. सगळ्या बिल्डिंगमध्ये कांबळेकाका एकटेच असे होते, ज्यांचा नंबर परबकाकांनी कधी उच्चारला नाही.

आमच्या कोपऱ्यावरचा दवाखाना दुरुस्तीसाठी म्हणून बंद झाला तो झालाच. कांबळेकाकूंना शेवटच्या वर्षात दर दोन दिवसांनी लांबच्या हॉस्पिटलात न्यावं लागायचं. त्या गेल्या. त्यानंतर कांबळेकाका दवाखान्याच्या मागे लागले. अर्ज दिले, सगळ्या पक्षांच्या ऑफिसांत जाऊन आले. परबकाका त्यांना आपल्या पक्षातही घेऊन गेले. तिथे चहा मिळाला, "बघतो" मिळालं. शेवटी विधानसभेची निवडणूक लागली आणि कांबळेकाकांनी जाहीर केलं की आपण अपक्ष उभं राहणार.

अपक्षाच्या अर्जावर दहा मतदारांच्या सूचक म्हणून सह्या लागतात. नऊ झाल्या. दहावी मागायला कांबळेकाका हक्काच्या दारात गेले. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"दत्ता, सही कर."

"सुदाम, मी पक्षाचा माणूस. एजंट आहे मी."

"मत मागत नाही. सही माग‌तोय."

"सही छापील कागदावर जाते रे. उद्या कार्ड काढून घेतील माझं."

कांबळेकाका म्हणाले, "बरं," आणि वळले. समोर मी, हातात ओला टॉवेल. त्यांनी काही विचारायच्या आत मी सही केली. मला फार बरं वाटलं. फुकटात मोठं मन दाखवायची संधी रोज थोडीच मिळते!

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. बाकडं रिकामं राहिलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी परबकाका माझ्या दारावरून जाताना, तोंड भलतीकडेच करून, खड्या आवाजात म्हणाले, "चारशे बारा! अर्जावर तुझा नंबर चारशे एकवीस पडलाय. आणि सावंताचा भाग क्रमांक चुकलाय. छाननीत उडेल अर्ज. ज्याला सांगायचं त्याला सांग." अर्जाचा कागद कांबळेकाकांच्या खिडकीत सुकत ठेवल्यासारखा पडलेला होता. काकांनी तो जाता-येता केव्हा वाचला कोण जाणे. मी निरोप पोचवला. अर्ज टिकला.

चिन्हात मात्र वाट लागली. कांबळेकाकांनी स्टेथोस्कोप मागितला होता, तो दुसऱ्या कुणाला गेला आणि यांच्या वाट्याला ढोबळी मिरची आली. आयुष्यात कधी मोठ्याने न हसलेला हा माणूस हातात ढोबळी मिरची धरून दारोदार फिरला. "दवाखाना उघडायचाय. मिरचीसमोरचं बटण." लोक तोंडावर "हो काका, तुम्हालाच" म्हणायचे आणि दार लावून हसायचे. खोटं कशाला बोलू, आमच्या घरातही दार लावून हसणं झालं.

मतदानाच्या दिवशी मी रांगेत उभा राहिलो. मनात कांबळेकाकाच होते. मशीनसमोर गेल्यावर वाटलं, हे काही निवडून येत नाहीत. मत वाया घालवायचं कशाला? मी दुसरं बटण दाबलं. बाहेर पडताना बाकावर बसलेल्या परबकाकांनी यादीतून डोकं वर केलं. मी बोटावरची शाई वाळली का ते बघत होतो.

संध्याकाळी त्यांनी चिठ्ठी आणून दिली. नेहमीसारखं "आधी उघडलंस तर बघ" म्हणाले नाहीत. नुसती हातात ठेवली आणि गेले.

निकालाच्या दिवशी त्यांच्या पक्षाचा उमेदवार निवडून आला. खाली ढोल वाजत होते, फाटकापर्यंत गुलालच गुलाल झाला होता. परबकाका मोजणीच्या ठिकाणी जाळीमागे बसून आमच्या केंद्राचे आकडे लिहून घेऊन आले. कपाळाला गुलाल नव्हता. मिरवणुकीत का नाही गेलात, असं कुणी विचारलं तर पाय दुखतात म्हणाले. गॅलरीत सगळे जमले. मी स्टेपल काढली. एकीकडे काकांचा आकडा वाचत होतो, दुसरीकडे ते मोजणीचा वाचत होते. तीन मतं इकडे, चार मतं तिकडे, लोक वा वा करत होते. मग शेवटची ओळ आली. सुदाम कांबळे, अपक्ष.

"चिठ्ठीत दोन," मी म्हणालो.

"मोजणीत दोन," काका म्हणाले आणि कागद घडी करून आत गेले.

कुणीतरी फिस्सकन हसलं. "दहा सह्या, दोन मतं!" मग मात्र एकदम शांतता पसरली, कारण सह्या करणारे बहुतेक तिथेच उभे होते. दोनातलं एक कांबळेकाकांचं स्वतःचं. दुसरं कुणाचं? जो तो दुसऱ्याकडे बघत होता. गॅलरीच्या टोकाला कांबळेकाकांचं दार अर्धं उघडं होतं. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार.

मी चिठ्ठी घेऊन परबकाकांच्या मागोमाग गेलो. ते खाटेवर बसले होते.

"काका, हे तुम्ही मोजणीच्या आधी लिहिलंत. दोनच कसं लिहिलंत?"

"दहाच्या दहा जण शाई बघत बाहेर आले. तू पण."

मला मान वर करवेना. "आणि दुसरं मत?"

"मतदान गुप्त असतं."

"काका, पक्षात कुणाला सांगत नाही मी."

"पक्ष गेला खड्ड्यात," ते एकदम म्हणाले. "सुदामला कळता कामा नये. तो विचारेल, लपून मत दिलंस, मग उघड सही का नाही केलीस? काय सांगू त्याला? सांग तू." त्यांचा आवाज फाटला. "कार्डासाठी रे. एका दिवसाच्या कार्डासाठी. बायको गावाला, पोरगी तिकडे, त्या एका दिवशी मला कोणीतरी विचारतं. म्हणून नाही केली."

मी घरी आलो. एरवी मी त्यांची नक्कल करून चार माणसांना हसवतो. त्या दिवशी त्यांना वाटत होती तितकीच मलाही स्वतःची लाज वाटली.

दोन दिवसांनी, सकाळी, कांबळेकाका आमच्याकडे आले. मेघाने चहा ठेवला. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "गंमत सांगतो. सह्या केलेल्या दहातले नऊ जण एकेकटे येऊन मला सांगून गेले, काका, ते मत माझं. सावंत तर बायकोची शपथ घेऊन गेला. एका मताचे नऊ मालक. तू एकटाच आला नाहीस. म्हणून म्हटलं, ते तुझंच असणार. खरं देणारा सांगत फिरत नाही." त्यांनी माझा हात हातात घेतला. "माझ्या बायकोचं नाव घेऊन उभा राहिलो होतो बघ. एकाला तरी वाटलं."

हो म्हणणं सोपं होतं. मेघा दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं.

"काका, माझं नव्हतं ते," मी म्हणालो. "मी ऐन वेळी बदललो. माफ करा."

त्यांनी हात सोडला नाही, पण त्यातला जोर गेला. "मग?" असं त्यांनी विचारलं. परबकाकांनी बजावलं होतं, सांगू नको. पण या माणसाला त्या नऊ खोट्यांवर आणि माझ्या एका खऱ्यावर सोडून देणं मला जमेना. मी कपाटातली चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे ठेवली. सव्वीस वर्षं शेजारच्या मशीनवरचं ते अक्षर, ओळखायला वेळ लागला नाही. "मोजणीच्या आधी, मतदानाच्या दिवशी दिली होती मला," मी सांगितलं. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. चष्मा काढून डोळे पुसले. मग मेघाला म्हणाले, "एक कोरा कागद दे गं."

कागद घेऊन ते परबांच्या दारात गेले. मी मागे गॅलरीत थांबलो. परबकाका दार उघडून उभे होते, कांबळेकाकांच्या हातात आपली चिठ्ठी बघून त्यांचा चेहरा उतरला.

"दत्ता, दवाखान्याचा अर्ज द्यायचाय. नवीन आमदाराला. तुझ्याच पक्षाच्या. वर सही कर."

परबकाकांनी कागद उलटसुलट केला. "यावर काहीच लिहिलेलं नाही."

"लिहीन मग. आधी तू कर."

जो माणूस वीजबिलसुद्धा दोनदा वाचल्याशिवाय घडी घालत नाही, त्याने भिंतीवर कागद टेकवला आणि पूर्ण नाव लिहून खाली सही केली. मग तसेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते.

"मी भियालंय रे, सुदाम," ते मालवणीत म्हणाले. "भियालंय."

"ते कळलं होतं मला त्याच दिवशी," कांबळेकाका म्हणाले. "हल बाजूला, आत येऊ दे."

दार लागलं. थोड्या वेळाने आतून मोठमोठ्याने आवाज यायला लागले. अर्जात दवाखाना आधी लिहायचा की डॉक्टर आधी, यावर दोघं भांडत होते. तो अर्ज घेऊन पुढे ते बिल्डिंगभर फिरले, दार न दार ठोठावलं, खोटं बोललेल्या नऊ जणांचंसुद्धा. आमच्या दारावरून मात्र तसेच पुढे गेले, आणि मलाही त्यांना थांबवायचा धीर झाला नाही.