फक्त संबंधितांना

भाऊसाहेब म्हणजे पाणीपुरवठा खात्याचे हेडक्लार्क. अठ्ठावीस वर्षांत आपल्या टेबलावरून एकही कागद भलत्या ठिकाणी गेला नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. आता अधीक्षक व्हायचे होते, बढतीचा हुकूम नुसता सहीला अडकलेला. आणि नेमका त्याच आठवड्यात साहेबांनी त्यांच्या हातात एक कागद दिला.

प्रकरण छापखानेवाल्याचं. पाणीपुरवठ्याने खड्डा खणला, रस्ते खात्याने बुजवला नाही, आणि छापखान्याची भिंत त्यात बसली. गड्याने दोन्ही खाती कोर्टात खेचली. कागद होता सरकारी वकिलांच्या सल्ल्याचा.

"गोपनीय आहे," साहेब म्हणाले. "रस्ते खात्याला दाखवायचाय."

"दाखवला तर गोपनीय कसा, साहेब?"

"अहो, तेही सरकार, आपणही सरकार. घरातल्या घरात सांगितलं तर गुपित गुपितच राहतं. बाहेर गेलं की संपलं."

"पण परवा तुम्हीच म्हणालात, रस्तेवाल्यांना आपल्यातलं काही कळू देऊ नका."

"ते वेगळं! डोकं खाऊ नका, भाऊसाहेब. फक्त संबंधितांना पाठवा."

भाऊसाहेब विचारात पडले. संबंधित कोण कोण? रस्ते खातं, कबूल. पण ज्याची भिंत पडली, त्याच्यापेक्षा जास्त संबंध कुणाचा? माणूस उगाच का कोर्टात गेला? त्यांनी दोन प्रती काढल्या, दोन पाकिटांवर ‘गोपनीय’चा शिक्का हाणला. एक गेलं रस्ते खात्याला, दुसरं छापखानेवाल्याच्या वकीलबाईंना.

दुपारी साहेबांनी जावक वही पाहिली आणि भाऊसाहेबांना हाक मारली. "ते पाकीट न फोडलेलं परत आणा. नाहीतर अधीक्षकपद विसरा."

भाऊसाहेब धावत सुटले. तीन जिने चढून धापा टाकत वकीलबाईंसमोर उभे राहिले. बाईंनीच पाकीट पुढे सरकवलं. जसंच्या तसं, बंद.

"वर गोपनीय लिहिलंय. तुमच्या खात्याकडून चुकून आलेलं पाकीट मी फोडत नाही. घेऊन जा."

भाऊसाहेबांचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणीच आलं बिचाऱ्यांच्या.

"अहो, एवढं काय घाबरायचं?" बाईंनी विचारलं.

"घाबरू नको तर काय करू, बाई? तुमचे फार उपकार झाले. आत चक्क लिहिलंय, चूक आपलीच आहे, कोर्टात आपलं टिकायचं नाही, आधीच तडजोड करून मोकळे व्हा!"

वकीलबाईंनी पेनचं टोपण काढलं.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "चहा मागवते."