मेंबरच्या दारची ताटं

"पाच वर्षं मतदाराच्या घरची सुपारीसुद्धा खाणार नाय!"

निवडून आल्या दिवशी बद्रीनाथनं गल्लीच्या मधोमध उभं राहून अशी गर्जना केली, की लिंबावरचे राघू भर्रकन उडाले. पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आपल्या मतानं निवडलेला मेंबर म्युनिसिपालटीत बसणार, याचंच औरंगाबादेला केवढं अप्रूप! गुलमंडीच्या मागची ती गल्ली तर वरमाईसारखी मिरवत होती.

फक्त एक पंचाईत होती. चार घरं वर कमरोद्दीन राहायचा, हिमरू विणणारा. रझाकारीच्या दिवसांत बद्रीनाथचं बिऱ्हाड कमरोद्दीनच्या माजघरात लपलं. ॲक्शननंतर कमरोद्दीनचं बद्रीनाथच्या. असली दोन घरं! चुली दोन, भूक एक.

त्यात गल्लीला सरकारी नळ मंजूर झाला. तो वरच्या टोकाला कमरोद्दीनच्या भिंतीशी बसवायचा, की खालच्या टोकाला चतुराबाईच्या दाराशी, हे म्युनिसिपालटीच्या सभेत मेंबरांच्या मतांवर ठरायचं होतं. आणि सभेच्या आदल्या दिवशी आली ईद!

सकाळीच कमरोद्दीनची बायको अख्तरी शीरखुर्म्याचा वाडगा ठेवून गेली. दरसाली बद्रीनाथ तो वाडगा चाटूनपुसून आरशासारखा करायचा. औंदा त्यानं डोळे मिटून घेतले.

"परत कर!"

"अवो, शीरखुर्मा हाय."

"आज तो शीरखुर्मा नाय. लाच हाय!"

"खजूर घातलेली?" वच्छलाबाईनं वाडग्यात डोकावून बघितलं.

नवऱ्याचा शब्द तिनं मोडला नाही. पण शेजारणीचं अन्न जसंच्या तसं फिरवायचं म्हणजे तिच्या तोंडावर मारायचं! म्हणून वच्छलाबाईनं सोबत आपल्या ताटलीत चार पुरणपोळ्या घेतल्या आणि गुणगुणतच निघाली:

शेजीचं आलं ताट, माझ्या अंगणी भरून
रितं कसं धाडू बाई, जीव जाईल झुरून

तिकडं अख्तरीचा जीव खालीवर. "या अल्ला, शक्कर कम हो गई क्या?" तिनं नव्यानं साखर घातली, वर चारोळ्या पेरल्या. पोळ्यांची ताटली तरी रिकामी कशी द्यायची? तिच्यात खोबऱ्याच्या वड्या रचल्या, आणि दोन्ही भांडी पुन्हा बद्रीनाथच्या ओट्यावर!

"परत कर!"

परत गेलं, सोबत बेसनाचे लाडू. लाडवांच्या डब्यातून आले बदाम. दुपारपर्यंत पाच खेपा झाल्या. वाडग्याचं पातेलं झालं, ताटलीची परात झाली!

चतुराबाई आपल्या पायरीवर बसून खेपा मोजत होती. पाचवीला तिनं कपाळावर हात मारला.

"मेंबरकडं पातेली चालत्यात गं बायांनो! नळ गेला की वर!"

ती धावली धपाट्यांची चळत घेऊन. तिच्यामागं खालचं सगळं टोक, आणि खालचं निघालं म्हणून वरचं टोक. लग्नाच्या रुखवतासारखी रांग! बद्रीनाथ दारात उभा राहून बैल मागं सरकवणाऱ्या गाडीवानासारखा ओरडत होता, "मागं! मागं! परत न्या!"

लोकांनी ताटं परत नेली खरी. पण रांग परसदाराकडनं वळायची, आणि परसदारी वच्छलाबाई उभी. आल्या बाईला तसंच कसं धाडायचं? कुणाच्या ताटात शेरभर ज्वारी, कुणाच्या ताटात गुळाचा खडा, कुरडया, लोणच्याची फोड. तेव्हा त्या गल्लीत दारं लावायची ती फक्त कुत्र्यांसाठी. माणसाला रिकाम्या हातानं धाडणारं घर अजून जन्माला यायचं होतं.

संध्याकाळी बद्रीनाथनं मिशीला पीळ दिला. "बघितलंस? एक दाणा घेतला नाय!"

"व्हय," वच्छलाबाई म्हणाली, "आन एक ठेवलाबी नाय."

बाईमाणसाला राजकारण काय कळणार, म्हणून तो हसला आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी सभेत निवडणुकीत पडलेल्या आप्पासाहेबांनी अर्ज ठोकला: मेंबरनं नळासाठी लोकांची ताटं खाल्ली! बद्रीनाथ ताडकन उठला. नाव जातंय म्हणजे काय!

"सदरसाहेब, माझी गल्ली बाहेर उभी हाय. तिलाच विचारा!"

गल्ली आत आली. पुढं चतुराबाई, पदर खोचून.

"खोटं हाय साहेब! मेंबरनं काय बी घेतलं नाय. देवमाणूस! उलट मलाच शेरभर ज्वारी दिली."

"आमाला गूळ!" मागून कुणीतरी ओरडलं.

"कुरडया! लई चांगल्या व्हत्या!"

बद्रीनाथ हातानं "बस, बस" करत होता. गल्लीला वाटलं, तो लाजतोय! तिनं आणखी जोरात नावं घेतली, पार लोणच्यापर्यंत.

अध्यक्षाच्या खुर्चीतल्या सदरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "लेने का इल्जाम गलत. पण मतदारांना वाटणं, तेही नळाच्या आदल्या दिवशी? या सवालावर मेंबरला मत देता येणार नाही."

आप्पासाहेब गालात हसले. नळाचा सवाल बाकीच्या मेंबरांवर सोपवला गेला, आणि बद्रीनाथ मान खाली घालून घरी आला. चूल थंड. वच्छलाबाई ज्वारीचं रिकामं पोतं झटकत होती.

"कमरूभाईकडं जावा जेवायला. मी सांगून ठेवलंय."

पोटात आग पडलेली. तरी कमरोद्दीनच्या उंबऱ्याशी बद्रीनाथचा पाय अडला.

"कमरूभाई, आरे मी मेंबर हाय. तुझ्या घरचं कसं खाऊ?"

कमरोद्दीन इतका हसला की मागावरचे ताणे थरथरले. "आरे बद्रीभाई, नळाला तुझं मतच नाय राह्यलं! आता तुला लाच देऊन मी करू काय? बैठ, हात धू!"