नमुन्याचा नंबर

"अगं, हा काय ताप लावलाय माझ्यामागे? सकाळपासून परकी माणसं तुमच्या कंपनीचं नाव घेऊन विचारताहेत, बोलावलेला प्लंबर नको असेल तर काय करायचं!" फोनमधला आईचा आवाज इतका चढला होता की शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रामरनंही मान वर केली.

डिझायनरनं आईची कशीबशी समजूत घालून फोन ठेवला. घरी प्लंबर बोलावण्याच्या नव्या अॅपमध्ये कुठलं बटण कुठे, कुठली अक्षरं केवढी, हे सगळं तिनंच आखलं होतं. मदतीच्या पानावर नमुन्यादाखल आईचा नंबर टाकला होता, तोंडपाठ होता म्हणून. आणि अॅप कालच लोकांच्या हाती गेलं होतं.

"तू तोच नंबर ठेवलास?" तिनं प्रोग्रामरला विचारलं.

"चित्रात होता तो ठेवला."

"अरे देवा, नमुना होता तो!"

"मग तसं लिहायचं ना. तूच म्हणतेस, माझ्या चित्रातला ठिपकासुद्धा हलवायचा नाही."

कप्पाळ! नंबर बदलायला साहेबांची परवानगी लागणार, आणि कुणाचा नंबर हे कळलं की नोकरीवर गदा. त्यात साहेबांशी आधीच वाजलेलं. 'बुकिंग रद्द करा' हे बटण ठळक हवं, म्हणून ती कानीकपाळी ओरडत होती. "दिसलं की दाबतात. लपव," हा साहेबांचा हेका. शेवटी ते गेलं पार तळाला, फिकट, मुंगीएवढं. लोकांना तेच सापडत नव्हतं, आणि भोग आईच्या वाट्याला.

जीव मुठीत धरून ती केबिनमध्ये शिरली. "सर, तो मदतीचा नंबर..."

"त्याला हात लावायचा नाही!" साहेब कान चोळत म्हणाले. "मला स्वतःचं बुकिंग रद्द करायचं होतं, बटण काही मिळेना. केला फोन. काय झापलं त्या बाईनं! बटण लपवणारा दिवटा कोण, म्हणे. पण खरं बोलली. आजच्या आज ते बटण मोठं कर."

"मग तुम्ही त्या बाईंना काय सांगितलंत?"

"सांगायचं काय? आमच्या डिझायनरचं काम, म्हटलं."

ती धुमसतच बाहेर आली, तोच पुन्हा फोन वाजला. आपली लेक 'कॉम्प्युटरवर कायतरी' करते, यापलीकडे आईला आजवर काही कळलं नव्हतं.

"अगं, सापडला चोर! तुमच्यातल्या कुणा डिझायनरचे उद्योग आहेत म्हणे. कोण गं ती बिनडोक? भेटू दे मला एकदा!"

"भेटेल," ती दातओठ खात म्हणाली. "संध्याकाळी तुझ्याकडेच जेवायला येतेय."