आण्णाप्पाच्या टीव्हीवर आमची सोयरीक

हल्ली टीव्हीला अक्कल आलीय म्हणतात. आली असेल, माणसांची गेलेली कुठंतरी जाणारच. आमच्या खासबागेत कट्ट्यावर बसणारा प्रत्येक जण सॉफ्टवेअर इंजिनियर. ज्याला बायकोनं सांगितलेली भाजी घरी पोचेपर्यंत आठवत नाही, तो विचारतो, अपडेट मारलास काय रं?

या मंडळींना जळवायला मी स्मार्ट टीव्ही घेतला. आठवड्यात शेजारच्या आण्णाप्पानं हुबेहूब तोच आणला. (वायफाय दोघांत एकच, त्याचं. भिंत सामाईक असल्यावर हवा कशाला वाटून घ्यायची?) टीव्ही म्हणाला, मला नाव द्या. मी म्हटलं, तू काय पाळण्यात पडलायस? आधीचंच ‘लिव्हिंग रूम’ ठेवलं. आण्णाप्पानंही तेच केलं.

रविवारी आमच्या रचनाला बघायला निपाणीची मंडळी आली. आमच्याकडं जागा बेताची, म्हणून रीतीप्रमाणं पुरुष आमच्या बाहेरच्या सोप्यात आणि बायका आण्णाप्पाकडं. मुलगा सूरज रचनाच्या मनात भरलेला. त्यामुळं बायकोनं, मंगलनं, बजावलं होतं की आज तोंड उघडायचं नाही.

मी तोंड नाही उघडलं, फोन उघडला. लेकीचे पदवीदानाचे फोटो मोठ्या पडद्यावर दाखवावेत म्हटलं. फोनचा पडदा टीव्हीला जोडायला गेलो, तर फोननं दोन ‘लिव्हिंग रूम’ दाखवले. मी वरचं दाबलं. टीव्ही काळा तो काळाच.

“आमच्यात लगेच लागतंय,” मुलाचे वडील म्हणाले आणि त्यांनी आपल्या टीव्हीचं पुराण लावलं. ॲप झालं, ब्राउझर झाला, मग क्लाउड. पोह्यांच्या बशा रिकाम्या होत गेल्या, क्लाउड काही ओसरेना. मी हळूच स्वयंपाकघरात मंगलला मेसेज टाकला : ‘पोहे थांबव. खाणं थांबलं की हा गडी उठंल. लई बोलतोय.’

उत्तर आलं : ‘आधी तुम्ही टीव्हीशी खेळायचं थांबवा. येत न्हाय ते येतंय म्हणून दाखवायची खोड लग्नापासून बघत आलीय. गप बसा, लेकीचं जमू दे.’

मी बाणेदार उत्तर लिहीत होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडं बायकांचा हशा फुटला. आण्णाप्पा दारात आला.

“मष्णू, फोन बंद कर रं. तुमचं नवराबायकोचं आमच्या टीव्हीवर दिसालंय. समद्या वाचून बसल्यात.”

त्याच्या मागंच मुलाची आई, यशोदाबाई. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, मग बशांकडं. क्लाउड जागच्या जागी विरला. मी मनातल्या मनात सोयरिकीला हात जोडले. बाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

“विहीणबाई,” त्या मंगलला म्हणाल्या, “असल्या माणसाला तुम्ही दोन ओळीत गप केलासा. हे वळण लेकीलाबी असणारच. आमच्या घरात असले दोन हायत, बाप आणि ल्योक. पोरगी आमची.”

संध्याकाळी सुपारी फुटली.

म्हणजे लग्न माझ्यामुळंच जमलं, असं मी कट्ट्यावर सांगतो. सगळे मन लावून ऐकून घेतात. आण्णाप्पानं त्या पडद्याचा फोटो सगळ्यांना आधीच पाठवलाय.